सफेदा, शेंदूर आणि आपले घर

नवरात्र उठले, कोजागरीचे दूध पिऊन झाले, की घराघरांत आवराआवर सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गोधड्या उन्हात पडतात, भिंतींना चुना लागतो, आणि हाताशी चार पैसे असले तर दारेखिडक्यांवरून तेलरंगाचा हात फिरतो. नवा रंग नीट बसावा म्हणून आधी जुना काढावा लागतो. कोणी पात्याने पोपडे खरवडतो, कोणी काचकागदाने लाकूड घासतो, आणि घरातली पोरे त्या धुरळ्यात मनसोक्त हुंदडत असतात. केरसुणीने तो धुरळा अंगणात लोटला की सगळे पुढच्या कामाला मोकळे. या रिवाजात काळजी करण्यासारखे काही असेल असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. पण जुन्या दारावरचा तो रंग कशाचा केलेला होता याचा शोध घेऊ लागले म्हणजे एक लांबलचक आणि काहीशी खिन्न करणारी हकीकत हाती लागते. ती हकीकत शिशाची आहे. सणाच्या अंकात ती सांगावी की नाही असा विचार मनात येऊन गेला. परंतु ती सांगण्याची खरी वेळ हीच, कारण तो धुरळा याच दिवसांत उडतो.

मी राहतो ते नेरे गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडे, मारुंजी आणि कासारसाईच्या शेजारी. इकडची जुनी घरे दगडमातीची. आत लाकडी खांब, वर कौले, पुढे ओटी. भिंतींना पांढरी माती किंवा चुना, खाली गेरूचा पट्टा, आणि जमीन शेणाने सारवलेली. लाकडाला कधीमधी तेलाचा हात मिळे, तेवढाच त्याचा शृंगार. गेरू म्हणजे लोखंडाचा अंश असलेली माती, चुना म्हणजे भाजलेला चुनखडक. या सगळ्या सामग्रीत शिसे औषधालाही नव्हते. तेव्हा घर जितके जुने तितके विषारी, असा हिशेब कोणी मांडू नये. पणज्याने बांधलेले घर बहुधा निर्दोष असते. त्याच घराला आजोबांनी आणि वडिलांनी हौसेने रंग लावला, तिथपासून शंकेला जागा होते.

शिसे आपल्याला अपरिचित मात्र नव्हते. वैद्यकात त्याला ‘नाग’ असे अर्थपूर्ण नाव आहे, आणि शोधन केल्यावाचून ते पोटात देऊ नये असा रसशास्त्राचा दंडक आहे. शिसे हवेत तापवीत राहिले की त्याचे पिवळसर मुर्दाडशिंग होते. तेच पुढे बेताच्या आचेवर भाजीत गेले की लालभडक शेंदूर तयार होतो. हा शेंदूर तेलात कालवून वेशीवरच्या मारुतीला, बांधावरच्या म्हसोबाला चढवावा, हे आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो. आज शेंदूर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पूड शिशाचीच असते असे नाही. पण परंपरेतला शेंदूर तो हाच. या लेपांवर लेप चढत जाऊन मूळ मूर्ती किती झाकली जाते याचा अनुभव 2022 साली आला. त्या वर्षी वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जुना लेप काढला, आणि आतले रेखीव रूप पाहून भाविक चकित झाले. कुंकवाची गोष्ट निराळी. परंपरेने कुंकू हळदीपासून करीत, त्यात शिशाला स्थान नव्हते. देवाच्या अंगावरचा शेंदूर आणि कपाळावरचे कुंकू हे रंगाने सख्खे वाटले तरी कुळाने वेगळे आहेत.

शेंदराचे पांढरे भावंड म्हणजे सफेदा. पुष्कळ लोक सफेदा आणि चुन्याची सफेदी एकच समजतात. तसे नाही. सफेदा हा शिशाचाच क्षार आहे. तो करण्याची जुनी रीत मोठी चमत्कारिक होती. शिशाच्या पट्ट्या शिरक्याच्या भांड्यांवर ठेवून बंद जागी मुरू द्यायच्या. हॉलंडात अशा भांड्यांच्या उतरंडी शेणखताच्या उबेत पुरून ठेवीत. काही आठवड्यांनी शिशावर पांढरी बुरशी चढल्यासारखा थर जमे, तो खरवडून दळला की झाला सफेदा. ही युक्ती रोमन लोकांनाही ठाऊक होती. त्यांचा स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की शिशाच्या नळातून आलेले पाणी पिऊ नये, कारण ज्या शिशापासून सफेदा होतो ते शरीराला अपायकारक आहे. शिसे ओतणाऱ्या कारागिरांचे फिके पडलेले चेहरे पाहा म्हणजे पटेल.

इतके असूनही सफेदा टिकला तो त्याच्या गुणांमुळे. जवसाच्या उकळलेल्या तेलात, म्हणजे रंगाऱ्यांच्या बेलतेलात, तो असा मिसळे की एका हातात लाकूड झाकले जाई, आणि त्यावरून पाऊस ओघळून जाई. शेंदराने लोखंडाचा गंज थांबे. 1797 साली व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला क्रोमियम धातू सापडला, आणि शिसे व क्रोमियम यांच्या संयोगातून झगझगीत पिवळा रंग मिळाला. त्यात निळा घातला की हिरवा. म्हणजे शिसे केवळ पांढऱ्यात आणि लालात असते असे नाही. दाराच्या गर्द हिरव्या झिलईतही ते दडून बसते. त्याखेरीज तेल लवकर वाळावे म्हणूनही रंगात शिशाचे क्षार टाकीत.

आपल्याकडे हा तेलरंग सरकारी वाटेने आला. बोरघाट चढून 1863 साली मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. लोखंडी पूल, खांब, स्थानकांची छते यांना रंगाची गरज होती. पाठोपाठ छावणीतले बंगले, कचेऱ्या, शाळा, दवाखाने रंगू लागले. सरकारी इमारतीला जे शोभते ते आपल्या घरालाही शोभेल, असे सुखवस्तू माणसाला वाटणे साहजिक होते. पुण्याच्या वाड्यांतून ही हौस खेड्यांत उतरली. घरात लग्न ठरले की शहरातून रंगाचा डबा आणायचा, असा शिष्टाचारच पडला. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी एका रंगाच्या कंपनीसाठी ‘गट्टू’ नावाचा खोडकर पोरगा चितारला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला तो गट्टू घरोघरी ओळखीचा झाला. रंगात शिसे घालणे त्या काळी जगभर चालत होते, आणि लहान मूल हे घराच्या रंगाचे आनंदी प्रतीक होते.

आमच्या घराच्या एका चौकटीवर रंगाचे किती हात बसले आहेत ते मी एकदा मोजून पाहिले. पाण्याने भिजवून, धारदार पात्याने पायऱ्यांसारखा तिरपा छेद घेतला की पुटे एकाखाली एक दिसतात. सर्वांत खाली तेलाने काळवंडलेले लाकूड. त्यावर गुलाबी अस्तर. सफेद्यात थोडा शेंदूर मिसळून लाकडावर पहिला हात देण्याची ही जुनी पद्धत. त्यावर निळा, वडिलांच्या लग्नातला. त्यावर हिरवा, आत्याच्या लग्नातला. वर आमच्या काळातला बदामी. घराची बखरच ती, फक्त अक्षरांऐवजी रंगांनी लिहिलेली. चिमूटभर नमुना तपासून घेतला तेव्हा गुलाबी आणि हिरव्या पुटांत शिसे निघाले, वरच्या बदामीत निघाले नाही. ज्या दोन रंगांवर संशय होता तेच दोषी ठरले.

शिसे माणसाला छळते हे कारागिरांना कोणी सांगावे लागत नव्हते. रंगाऱ्याच्या पोटात मुरडा येई, बद्धकोष्ठ होई, हिरड्यांवर निळसर रेघ उमटे, आणि पुढे पुढे मनगट लुळे पडून हातातला ब्रश गळे. बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रक होता. त्याने 1786 साली एका मित्राला पत्र लिहून शिशाचे हे सगळे उपद्रव वर्णिले, आणि एखादे उपयुक्त सत्य माहीत होऊनही ते आचरणात यायला किती काळ लागतो, यावर खेद केला. मुद्रकाचा उल्लेख आला म्हणून सांगतो: दिवाळी अंकांची आपली परंपराही शिशावरच उभी राहिली. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कित्येक दशके अंकाचे प्रत्येक अक्षर म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव खिळा होता. जुळाऱ्यांची काळी बोटे दिवसभर त्या खिळ्यांत फिरत, आणि त्याच बोटांनी दुपारची भाकरी मोडली जाई. आपण वाचलेल्या गोड गोष्टींचे एवढे देणे आपल्यावर आहे.

कारागिराचे दुखणे दिसत होते, कारण ते कारागिराचे होते. पण घरात बसलेल्या मुलाला रंग बाधत असेल, हे ध्यानात यायला विसावे शतक उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे 1890 नंतरच्या दशकात मुलांना झटके येत, हातपाय लुळे पडत, दृष्टी जाई. हे शिशाचे विष आहे एवढे डॉक्टरांनी ओळखले. ते येते कुठून हे उमगेना. लॉकहार्ट गिब्सन नावाच्या नेत्रवैद्याने 1904 साली उत्तर दिले. तिकडची घरे लाकडी, प्रत्येकाला ओसरी, आणि ओसरीला रंगवलेले कठडे. ऊनपावसाने कठड्यांवरचा रंग भुकटीसारखा सुटतो, खेळणाऱ्या मुलांच्या हातांना लागतो, आणि बोटे चोखणाऱ्या किंवा नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या पोटात जातो. पुष्कळ सहव्यवसायी डॉक्टरांनी ही कल्पना मनावर घेतली नाही. गिब्सन सांगत राहिला. अखेर 1922 साली क्वीन्सलंडने मुलांच्या हाताला येणाऱ्या कठड्यांवर शिशाचा रंग देण्यास बंदी केली. लाकडी ओसरी, दांडगा पाऊस, कठड्याला धरून उभे राहणारे मूल: मुळशीच्या माणसाला यातले काहीच परके वाटणार नाही.

याच सुमारास आमच्या तालुक्याचे नाव देशभर गाजत होते. 1921 च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. धरणाच्या पाण्याखाली घरेदारे जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे उभे राहिले. त्याच 1921 सालच्या अखेरीस तिकडे जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक करार मंजूर केला: इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये. हिंदुस्थान त्या संघटनेचा मूळ सभासद. पण या करारावर त्याने मान्यतेची मोहोर उमटवली नाही, पारतंत्र्यातही नाही आणि नंतरही नाही. घर बुडते तेव्हा माणूस उठून उभा राहतो. घराच्या दारावरून विष झरते तेव्हा कळतच नाही, मग उठणार कोण?

ते कळत का नाही, याचे उत्तर शरीराच्या एका भाबडेपणात आहे. शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. शरीर त्याला हाडांत आणि दातांत आदराने जागा देते, आणि तिथे ते वर्षानुवर्षे मुक्काम करते. स्त्री गरोदर राहिली की हाडांतल्या साठ्याबरोबर तेही बाळाकडे जाते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या आतड्यात ते चारपाच पट अधिक शोषले जाते. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असले तर आणखी. ते रक्त कमी करते आणि वाढत्या मेंदूची घडी विस्कटते. अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यांतले शिसे मोजले, आणि 1979 साली दाखवून दिले की ज्यांच्या दातांत शिसे अधिक त्यांची बुद्धी आणि अवधान उणे. ही मुले आजारी दिसत नव्हती. मास्तरांच्या लेखी ती फक्त मंद किंवा चंचल होती. आपल्याकडे अशी किती मुले आळशी म्हणून छड्या खाऊन गेली असतील, याचा हिशेब कोण देणार?

धोक्याची रेघही काळाबरोबर खाली सरकत आली. 1960 च्या सुमारास एक डेसिलिटर रक्तात 60 मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चालून जाई. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. 1991 साली अमेरिकेने ती रेघ 10 वर आणली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली 5 वर पोचताच शिशाचा उगम शोधून तो दूर करावा, असे सांगितले. निर्धोक म्हणता येईल असे प्रमाण आढळलेलेच नाही, असे तिचे म्हणणे आहे.

आपल्या देशात 1999 साली बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह मोठ्या शहरांतील मुलांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा तपासलेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे रक्त 10 च्या रेघेपलीकडे गेलेले दिसले. तेथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. वेंकटेश यांनी या कामाला उभे आयुष्य वाहिले. पेट्रोलमधले शिसे 2000 साली देशभर बंद झाले. रंगाचा क्रम त्यानंतर लागला. 2007 साली दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने बाजारातले रंग तपासले. पाण्यात कालवायच्या रंगांत शिसे नाममात्र, पण दारेखिडक्यांच्या चकचकीत तेलरंगांत भरपूर निघाले. सरकारने 2016 साली नियम केला, आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असता कामा नये, असे ठरले. सफेद्याच्या जुन्या रंगात वाळलेल्या पुटाच्या निम्म्या वजनापर्यंत शिसे असू शके, हे लक्षात घेतले म्हणजे 90 हा आकडा किती कडक आहे ते कळेल. सफेद्याला पर्याय नव्हता असेही नाही. टायटॅनियमचा निर्विष पांढरा रंग पहिल्या महायुद्धानंतर बाजारात आला होता, आणि त्याला लागणारे खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत पडून आहे.

नियम झाला तो नव्या डब्यासाठी. आधीच दारावर चढलेल्या रंगाला तो लागू होत नाही. हिंजवडीला संगणकाची नगरी उभी राहिल्यापासून आमच्या भागात जुनी घरे भराभर उतरत आहेत. चांगले लाकूड वखारीत जाते. मोडकी चौकट, फुटकी फळी जळणाला राहते. हे जळण चुलीत जाते, होळीत जाते, आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाच्या बंबातही जाते. रंगवलेले लाकूड जाळले की शिसे नाहीसे होत नाही. थोडे धुरात जाते, उरलेले राखेत बसते. आणि ती राख आपण भांड्यांना लावतो किंवा आळूच्या वाफ्यात टाकतो.

तेव्हा आपल्या घराची पारख कशी करावी, ते थोडक्यात सांगतो. पहिला प्रश्न काळाचा: तेलरंगाचे कोणते हात 2017 पूर्वीचे? ते सगळे संशयित धरावे. दुसरा प्रश्न जागेचा. चुन्याच्या भिंतीची भीती नको. चौकटी, खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा, जुना पाळणा, रंगवलेला देव्हारा पाहावा. दारखिडकी उघडताना लाकडावर लाकूड घासते, तिथे रोज बारीक भुकटी पडते. तिसरा प्रश्न स्थितीचा. रंग अखंड असेल तर तो बहुधा गप्प बसतो. पोपडे धरले असतील, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या असतील, तर तो बोलू लागला असे समजावे. चौथा, मातीचा: पागोळ्या पडतात त्या रेषेतली, खिडकीखालची माती पोरांच्या भातुकलीला देऊ नये. आणि शेवटचा, माणसांचा: घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा गरोदर स्त्री आहे का? असेल तर पोपड्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि मुलाच्या रक्ताची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. बाजारात रंग बदलून दाखवणाऱ्या काड्या मिळतात. त्यांच्यावर सर्वस्वी विसंबू नये.

उपाय त्या मानाने साधे आहेत. अखंड रंग खरवडूच नये. ओल्या फडक्याने पुसून त्यावर नवा, शिसेरहित असा शिक्का असलेला रंग द्यावा. खरवडणे भाग असेल तर पाणी मारून, भिजवून खरवडावे. कोरडा काचकागद, घासण्याचे यंत्र किंवा आगीची फुंकणी दाराला लावू नये. मुलांना दोन दिवस आजोळी धाडावे. खाली कागद अंथरून सगळे पोपडे त्यात बांधावे, आणि जमीन केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. रंगाऱ्याला हातपाय धुवायला साबण आणि पाणी द्यावे, नाकातोंडाला फडके नव्हे तर चांगला मुखवटा द्यावा, आणि कामाचे कपडे घरी न नेता इथेच बदलायची सोय करावी. त्याच्याही घरी रांगणारे मूल असते. मुलांच्या ताटात दूध, नाचणी आणि पालेभाजी असावी. रंगीत लाकूड बंबात घालू नये, मग पाणी तापायला थोडा उशीर झाला तरी चालेल.

आमच्या त्या चौकटीवरची पुटे मी काढलेली नाहीत. लग्नांचा तो निळा आणि तो हिरवा बदामीच्या आत सुखरूप आहे. दर वर्षी पावसाळा संपला की मी चौकटीवरून एकदा बोट फिरवतो, कुठे पोपडा धरला आहे का ते पाहतो, आणि धरला असेल तर ओले फडके घेऊन बसतो. सणाला दार चकाकावे ही हौस जुनीच आहे, आणि ती राहो. त्या दारात बसून हातातला लाडू खाणाऱ्या पोराच्या बोटांना दाराची धूळ लागू नये, एवढे मात्र यंदाच्या आवराआवरीत घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहावे.